अकरा वाजताचा डोळा

(प्रस्तावना)

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेची नोंद होती ७३ मिलिमीटरच्या आसपास. कुलाब्याचा आकडा चुकला नव्हता, तिथे तेवढाच पडला होता. पण तो आकडा पाहून कुणी घाटकोपरला जायला निघालं असतं तर काय झालं असतं, हे उपनगरात राहणाऱ्याला सांगायला नको. पुढे महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली आणि अंधेरीचा पाऊस अंधेरीत मोजला जाऊ लागला.

काचबिंदूच्या बाबतीत आम्ही डोळ्यांचे डॉक्टर अजून कुलाब्यालाच बसलो आहोत. डोळ्याच्या आतच दाबमापक, म्हणजे सेन्सर, बसवता येईल का, आणि बसवलाच तर त्याच्या आकड्यांचं करायचं काय, हा या पुस्तकाचा विषय.

माझा दवाखाना मुलुंड पश्चिमेला. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते नऊ. रुग्ण तीन-चार महिन्यांनी येतो. डोळ्यात बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग. हनुवटी पट्टीवर, कपाळ पुढे, "समोर बघा, श्वास रोखू नका." निळ्या उजेडात एक छोटा शंकू कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेला, अलगद टेकतो आणि मला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. मी बाजूची चकती फिरवत जातो. दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना शिवल्या की थांबायचं आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. सोळा. दहा सेकंदांचं काम. दोन डोळ्यांचे वीस सेकंद, वर्षाच्या चार भेटी. सव्वापाच लाख मिनिटांच्या वर्षातलं दीड मिनिटही भरत नाही. उरलेला वेळ तो डोळा काय करत होता, हे ना त्याला ठाऊक, ना मला.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडं मागे जातो. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सख्ख्या भावंडांसारखी आहेत आणि त्यातून फार घोळ होतो. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग धुरकट होतं. ते काढून नवं बसवलं की माणूस दुसऱ्या दिवशी पेपर वाचतो. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते. गेलेली नस परत येत नाही. "पिकला की काढून टाकू" म्हणत काचबिंदू घेऊन थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आजही पाहतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत खेळत असतो. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे साधारण थेंबाचा विसावा भाग, इतका तो तयार होतो आणि तेवढाच एका बारीक जाळीतून बाहेर जातो. दीडेक तासात सगळं पाणी बदलतं. काचबिंदूत बहुतेक वेळा नळ ठीक असतो, मोरी तुंबलेली असते. कधी जाळी वर्षानुवर्षं हळूहळू चोंदते. कधी बुबुळाचा पडदाच मोरीच्या तोंडावर येऊन बसतो, आणि हा दुसरा प्रकार आपल्या आशियाई डोळ्यांत जास्त सापडतो. निरोगी डोळ्यातला दाब बहुधा १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो. हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, पण पंधरा मिलिमीटर पारा म्हणजे वीतभर उंच पाण्याच्या तळाशी असतो तेवढाच दाब. तोच वाढून हातभर पाण्याइतका झाला आणि तसाच राहिला, तर मागच्या नसेतले दहा-बारा लाख धागे एकेक करून मरायला लागतात.

दुखत नाही, हीच त्यातली फसवणूक. आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. असल्फ्याच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "घाटकोपरला मेट्रोतून उतरून पुलावर आलं की माणसं एकदम अंगावर येतात हो. पूर्वी अशी नव्हती." माणसं पूर्वीसारखीच होती. आजींची डावी बाजू गेली होती.

दाब हेच या आजाराचं सगळं कारण आहे, असंही नाही. दाब नॉर्मल असून नस सुकलेले रुग्ण असतात आणि दाब जास्त असून काहीही न झालेले असतात. अमेरिकेत दाब जास्त पण नस शाबूत अशा १६३६ लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. पाच वर्षांत ज्यांना दाब उतरवणारे थेंब दिले नव्हते त्यांच्यापैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, ज्यांना दिले होते त्यांच्यापैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्यावर आणला, पण थेंब न घेताही शंभरातल्या नव्वदांचं काही बिघडलं नाही. २००३ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीने सांगितलं की सुरुवातीच्या काचबिंदूत दाब एकेका मिलिमीटरने उतरवला की आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो. आमच्या हातात उतरवण्याजोगी गोष्ट आजही ही एकच आहे, म्हणून सगळी भिस्त त्या आकड्यावर.

तो आकडा मिळवण्याची गोष्ट बोटांपासून सुरू होते. स्कॉटलंडच्या विल्यम मॅकेन्झीने १८३० मध्ये काचबिंदूतला डोळा हाताला टणक लागतो हे नीट लिहून ठेवलं. १८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफेने बुबुळाचा तुकडा काढून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि काचबिंदू हा उपचार करता येण्याजोगा आजार ठरला. मोजणं मात्र बोटांनीच. आमच्या वरिष्ठांनी आम्हालाही ते शिकवलं: मिटल्या पापणीवर दोन तर्जनी ठेवायच्या, ओठासारखा लागला तर मऊ, नाकाच्या शेंड्यासारखा तर ठीक, कपाळासारखा तर पळा. १९०५ मध्ये नॉर्वेच्या शिओट्झने वजनाने कॉर्निया दाबून पाहणारं उपकरण आणलं. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांच्या कपाटात ते लाकडी पेटीत अजून सापडेल. मग १९५० च्या दशकात बर्नच्या हान्स गोल्डमनने तो शंकू दिला, ज्याचं वर्णन वर केलं. सत्तर वर्षं झाली, तोच प्रमाण मानला जातो.

गोल्डमनचं गणित कॉर्नियाची जाडी ५२० मायक्रॉनच्या आसपास धरून केलेलं आहे. जाड कॉर्निया आकडा फुगवते, पातळ कॉर्निया दडवते. वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीतल्या लोकांची सरासरी जाडी ५७३ मायक्रॉनच्या घरात होती. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढच्या ४७११ माणसांचे डोळे तपासले गेले, 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' म्हणून ते सर्वेक्षण जगभर ओळखलं जातं. तिथली सरासरी ५१४ निघाली. एकाच आकड्याचा अर्थ अमेरिकेत आणि विदर्भात सारखा लावता येत नाही. डोळ्याच्या आत बसलेल्या सेन्सरला कॉर्नियाच्या जाडीशी देणंघेणं नसतं, ही त्याची पहिली जमेची बाजू.

दुसरी बाजू वेळेची, आणि माझ्या मते खरी तीच. डोळ्याचा दाब दिवसभर सारखा नसतो हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. सॅन डिएगोच्या निद्रा-प्रयोगशाळेत रात्रभर मोजमापं घेऊन दाखवून दिलं की बहुतेकांचा दाब रात्री, आडवं झाल्यावर चढतो. तेव्हा दवाखाना बंद असतो. २००६ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांनी योगाभ्यासकांना शीर्षासनात मोजलं, तर दाब दुपटीवर गेलेला. तेव्हापासून मी प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला शीर्षासनाबद्दल विचारतो. उत्तर "हो" येईल असं ज्यांच्याकडे पाहून वाटत नाही, तेच "हो" म्हणतात.

माझी स्वतःची चूक इथे सांगायला हवी. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांत खडे बसवणारा एक कारागीर माझ्याकडे येत असे. सकाळी अकराला दाब १६, १७, कधी १५. तरी दर वर्षी त्याच्या नजरेचा नकाशा आक्रसत होता. मी निष्कर्ष काढला की गडी थेंब घालत नाही, फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी घालतो. असं करणारे असतातच. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी शाळा झाडतात तसं. दोन वर्षं मी त्याला रागावत राहिलो आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी एका रात्रीसाठी ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ठेवून दर तीन तासांनी, झोपलेल्या अवस्थेत, हातातल्या उपकरणाने मोजलं. पहाटे तीनला २६. थेंब तो इमानेइतबारे घालत होता. अकरा वाजताचा डोळा आणि तीन वाजताचा डोळा हे दोन वेगळे डोळे होते आणि मी एकाचीच फाईल लिहीत होतो.

दाबाचा चढउतार स्वतःच घातक असतो का, की सरासरीच महत्त्वाची, यावर या क्षेत्रात जुनं भांडण आहे. पुढच्या टप्प्यातल्या काचबिंदूच्या अमेरिकी चाचणीच्या नोंदींवरून २००४ मध्ये म्हटलं गेलं की चढउतार घातक. २००७ मध्ये स्वीडिश गटाने आपल्या नोंदी तपासून सांगितलं की सरासरी धरली की चढउताराला वेगळं वजन उरत नाही. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत. पण दोन्ही बाजूंची शिदोरी म्हणजे दवाखान्याच्या वेळेत, महिन्या-महिन्यांच्या अंतराने घेतलेले आकडे. भांडण कुलाब्याच्या नोंदवहीवरच चाललं आहे.

यातून सुटायच्या वाटा तीन. पहिली, मोजणं घरी न्यायचं. फिनलंडमध्ये तयार झालेल्या उपकरणात टाचणीएवढी सळई कॉर्नियावर हलकेच आपटून मागे उसळते आणि तिच्या वेगावरून दाब निघतो. बधिर करणारा थेंब लागत नाही, रुग्ण स्वतःच मोजतो. वाट चांगली आहे, पण झोपेत कुणी स्वतःचा दाब मोजत नाही. दुसरी वाट डोळ्यावर बसणाऱ्या लेन्सची. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये 'ट्रिगरफिश' नावाची लेन्स विकसित झाली. तिच्यात कॉर्नियाचा घेर किती ताणला हे ओळखणारी बारीक तार आहे. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद, दिवसाला २८८ नोंदी, झोपेतसुद्धा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तिला परवानगी दिली. अडचण एवढीच की ती दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगत नाही; वर गेला, खाली आला एवढंच सांगते. शिवाय ती एका दिवसापुरती.

तिसरी वाट आत जाण्याची. डोळा परकी वस्तू सहन करतो हे आपल्याला आता नवं नाही. आज ज्यांच्या डोळ्यात भिंग बसवलेलं आहे अशी किमान दोन माणसं तरी प्रत्येक सोसायटीत निघतील. ती हिंमत प्रथम १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडलेने केली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे तिथेच निवांत पडून राहतात, हे पाहून. सेन्सरची कल्पनाही वाटते त्याहून जुनी आहे. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्टर कॉलिन्सने दोन मिलिमीटरची डबी बनवली. आत समोरासमोर दोन चपट्या गुंडाळ्या, मध्ये हवा. दाब वाढला की गुंडाळ्या जवळ येतात आणि त्यांची कंपनसंख्या बदलते. रेडिओवर स्टेशन शोधावं तशी बाहेरून ती कंपनसंख्या शोधायची. बॅटरी नाही, तारा नाहीत. सशांच्या डोळ्यांत ती चालली. माणसाच्या डोळ्यापर्यंत यायला पुढची चार दशकं लागली, कारण बाकीचं सगळं तेव्हा मोठं होतं.

त्यानंतर घराणी फुटली. कॉलिन्सच्या घराण्यात वेटोळं आणि संधारित्र, एवढंच. साधं, टिकाऊ, पण वाचायला अवघड. दुसरं घराणं चिपवाल्यांचं. मिशिगन विद्यापीठात २०११ मध्ये एका घन मिलिमीटरमध्ये बॅटरी, सोलर सेल, रेडिओ आणि दाबमापक बसवून दाखवला. दर पंधरा मिनिटांनी जागा होऊन मोजायचा आणि परत झोपायचा. तिसरं घराणं मला वैयक्तिकरीत्या सर्वांत गोड वाटतं. स्टॅनफर्डचे स्टीफन क्वेक आणि इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठाचे योसी मंडेल यांनी २०१४ मध्ये एक सूक्ष्म नळी मांडली, जिच्यात दाबाप्रमाणे पाण्याची रेघ पुढेमागे सरकते. मोबाईलच्या कॅमेऱ्याने डोळ्याचा फोटो काढायचा आणि रेघ कुठे आहे ते पाहायचं. वीज नाहीच. आपल्या जुन्या थर्मामीटरची ही नात म्हणायला हरकत नाही.

रुग्णांपर्यंत पोचून युरोपची मान्यता मिळवलेलं नाव मात्र जर्मनीच्या हॅनोव्हरचं आहे: 'आयमेट'. सिलिकॉनमध्ये बंद केलेली, मिलिमीटरहून कमी जाडीची, साधारण बारा मिलिमीटर व्यासाची कडी. आत सोन्याचं वेटोळं, एक चिप आणि दाब ओळखणारे आठ कप्पे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग बसवलं की त्याच छेदातून ती बुबुळामागे सरकवतात. रुग्णाने हातातला वाचक डोळ्यासमोर धरला की त्याच्याच लहरींवर सेन्सर जागा होतो आणि आकडा देतो, खऱ्या मिलिमीटरमध्ये. २०१७ मध्ये तिला युरोपीय मान्यता मिळाली. सुरुवातीच्या सहा रुग्णांपैकी काहींच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर जंतूंशिवायची सूज आली होती, ती औषधांनी ओसरली. हेही या पुस्तकात लपवलेलं नाही.

तंत्रज्ञांच्या बोलण्यात सहज निसटणारा एक मुद्दा इथे जवळून पाहू. आतला सेन्सर एकूण दाब मोजतो, त्यात हवेचाही दाब आला. तो वजा केल्याशिवाय डोळ्याचा दाब निघत नाही. विसाव्या मजल्यावर लिफ्टने गेलं की हवेचा दाब पाचेक मिलिमीटरने उतरतो. लोणावळ्याला गेलं की पन्नासहून जास्त, म्हणजे डोळ्याच्या स्वतःच्या दाबाच्या तिप्पट. म्हणून हातातल्या वाचकातही हवामापक लागतो आणि वाचन त्याच ठिकाणी, त्याच क्षणी व्हावं लागतं. त्यात वर्षानुवर्षं आत राहिलेल्या सेन्सरचा शून्यबिंदू हळूहळू सरकतो. वजनकाटा रिकामा असताना दोनशे ग्रॅम दाखवायला लागतो, तसा. किराणावाला काटा उचलून ठीक करतो. डोळ्यातला काटा उचलता येत नाही, त्यामुळे अधूनमधून गोल्डमनच्या शंकूशी ताडून पाहणं सुटत नाही. जुन्या यंत्राची गरज संपणार असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

मग आपल्याला हे आत्ताच का हवं? माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हे पुस्तक म्हणजे चैन वाटते. त्यांचं म्हणणं फेटाळण्यासारखं नाही. २०१० च्या एका अंदाजाप्रमाणे भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू आहे, आणि दक्षिणेतल्या सर्वेक्षणांत सापडलेल्या दर दहा रुग्णांपैकी नऊ जणांना तो आहे हे आधी माहीतच नव्हतं. त्या नऊ जणांना सेन्सर नको, कुणीतरी एकदा डोळ्यात नीट डोकावून पाहायला हवं. मला हे मान्य आहे. पण उरलेला दहावा माझ्या खुर्चीत बसलेला असतो, त्याची नजर जात असते, आणि मी त्याच्यावर थेंब न घातल्याचा आळ घेत असतो.

महागाईचा मुद्दाही कायमचा नसतो. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यातली भिंगं देशात बनवली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. २०१३ मध्ये त्याच संस्थेने काचबिंदूचं पाणी बाहेर काढणारी नळी आणली. पवईच्या आयआयटीत सूक्ष्म सेन्सर घडवणारी प्रयोगशाळा आहे आणि वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्रही आहे. तिथून राजावाडी किंवा कूपर रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. आणि लोकांची तयारी आमच्यापेक्षा पुढे गेली आहे. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी फिरणाऱ्यांच्या दंडावर साखर मोजणारी पांढरी चकती दिसते आणि तिच्यावर गप्पा रंगतात, कुणाची आमरसाने किती चढली. डोळ्याच्या दाबाचं तसं झालं तर गप्पांबरोबर धास्तीही येईल. पहाटे तीनला २६ दिसल्यावर रुग्ण कुणाला फोन करणार? आकडा न्यू जर्सीतल्या मुलालाही दिसत असेल, तर मला आधी कुणाचा फोन येणार? युरोपातली उपकरणं या प्रश्नांची उत्तरं सोबत घेऊन येत नाहीत.

हा संग्रह डॉक्टरांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून केलेला नाही आणि रुग्णांसाठी "घाबरू नका" छापाची पुस्तिकाही नाही. विद्युत अभियंता, शल्यचिकित्सक, थेंब विकणारा औषधवाला आणि नजर गमावलेला माणूस यांना एका टेबलाशी बसवण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामुळे सूर एकसारखा लागलेला नाही. संपादकांनी तो लावायचा प्रयत्न केला नाही, हे बरं केलं. शब्दांवरून मात्र आमच्यात वाद झाले. 'संवेदक' सुचवला गेला होता. मी म्हटलं, माझ्या दवाखान्यात तो शब्द मला सुद्धा दोनदा समजावून सांगावा लागेल. 'सेन्सर' राहिला. रुग्ण ज्याला 'डोळ्याचं बीपी' म्हणतात त्याला आम्ही 'दाब' म्हटलं आहे. शस्त्रक्रियेचं तपशीलवार तंत्र आणि लेझर उपचार मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, त्यांच्यावर मराठीत आधीच लिहिलं गेलं आहे. सेन्सर कुणाच्या डोळ्यात बसवावा, याचं एकमुखी उत्तर इथे मिळणार नाही. लेखकांपैकी दोघे त्यावर उघड भांडले आहेत आणि दोघांचीही बाजू छापली आहे.

शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता आहे. तारीख, उजवा डोळा, डावा डोळा, आणि या सगळ्यांच्या आधी वेळ, बसून की झोपून. तपासणीला जाताना तो बरोबर न्या आणि डॉक्टरांना वेळ लिहायला लावा. माझ्या स्वतःच्या केसपेपरवर वेळेचा रकाना गेल्या वर्षीपर्यंत नव्हता.

मुलुंड (पश्चिम)